दुसऱ्यांचं लेखन, आपलं पान: ‘आकाशातून ताजं’च्या कामाच्या नोंदी

२ नोव्हेंबर

आमच्या आकाशनिरीक्षण गटाच्या संकेतस्थळावर ‘आकाशातून ताजं’ नावाचं एक पान आहे. हौशी निरीक्षक आपापल्या संकेतस्थळांवर लिहितात, त्यातलं नवं काय ते तिथे एका जागी दिसावं, एवढंच त्याचं काम. आजवर ते एका फुकट सेवेच्या भरवशावर चाललं होतं. त्यांनी दिलेल्या दोन ओळी पानात चिकटवल्या की चौकटीत मथळे यायचे. गेल्या महिन्यात ती सेवा बंद पडली आणि चौकट रिकामी झाली. त्याआधी काही आठवडे मथळ्यांच्या मध्ये त्यांच्या जाहिराती घुसत होत्या, हे मला एका वाचकाने कळवल्यावर समजलं. लोकांच्या नावाखाली आपल्या पानावर काय छापलं जातंय हे आपल्यालाच माहीत नसावं, याची खंत वाटते. म्हणून आता हे स्वतः बांधायचं. मुदतही ठरवली: १३-१४ डिसेंबरच्या रात्री जेमिनिड उल्कावर्षाव ऐन भरात असतो, त्याआधी पान उभं राहिलं पाहिजे.

यादीत ४१ संकेतस्थळं आहेत. प्रत्येकाच्या पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा मूळ संकेतमजकूर, उघडून हेड भागात ‘आल्टरनेट’ असं नातं सांगणारा लिंक टॅग शोधला. फीड म्हणजे संकेतस्थळाने आपल्या नव्या लेखांची ठेवलेली, यंत्राला वाचता येईल अशी यादी. ती असेल तर तिचा पत्ता बहुधा तिथेच असतो. ३४ ठिकाणी सापडला. आणखी तिघांचं फीड होतं, पण पानात जाहीर केलेलं नव्हतं. चौघांकडे फीडच नाही. त्यांची पानं खरवडून मथळे काढता येतील, पण मी ते करणार नाही. फीड हा लिहिणाऱ्याने स्वतः उघडा ठेवलेला दरवाजा आहे, खरवडणं म्हणजे खिडकीतून आत शिरणं. त्या चौघांचे दुवे हाताने घालू.

दुपारी एक प्रयोग केला आणि सोडून दिला. वाचकाच्या ब्राउझरमधूनच थेट ३७ फीड आणायची आणि जावास्क्रिप्टने दाखवायची, म्हणजे सर्व्हरवर काही ठेवायलाच नको. पण एका संकेतस्थळाचं पान दुसऱ्या संकेतस्थळावरचा मजकूर वाचायला गेलं की ब्राउझर अडवतो. समोरच्या सर्व्हरने हेडरमधून, म्हणजे मजकुराआधी येणाऱ्या सूचनांमधून, स्पष्ट परवानगी दिली असेल तरच वाचू देतो, आणि अशी परवानगी देणारी ३७ पैकी जेमतेम ५ निघाली. शिवाय प्रत्येक वाचकामागे ३७ सर्व्हरांना हाका मारणं बरं दिसत नाही. तेव्हा आपल्या सर्व्हरवर एक स्क्रिप्ट, ती ठरावीक वेळाने फीड आणेल, साठवेल आणि पान बनवून ठेवेल.

४ नोव्हेंबर

आज फीडची रूपं, म्हणजे ती यादी लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती, तपासली. २७ आरएसएस २.०, ८ अ‍ॅटम, १ आरएसएस १.० आणि १ जेसन फीड.

ही भाऊगर्दी का, हे समजून घेतलं की पुढचे बरेच प्रश्न सुटतात. आरएसएसची पहिली आवृत्ती, ०.९०, नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने मार्च १९९९ मध्ये आणली. त्याच वर्षी जुलैत ०.९१ आली. मग नेटस्केपने हात काढून घेतला आणि डिसेंबर २००० मध्ये दोन वाटा फुटल्या. एका गटाने आरडीएफ या माहिती मांडायच्या पद्धतीवर बेतलेली १.० काढली, तर प्रोग्रामर डेव्ह वायनर यांनी साधेपणाची वाट धरून ०.९२ काढली. सप्टेंबर २००२ मध्ये त्याच साध्या वाटेवर २.० आली. म्हणजे १.० आणि २.० ही एकाच घराण्यातली थोरली-धाकटी भावंडं नाहीत, आकडे तसं भासवतात एवढंच. या गोंधळाला कंटाळलेल्यांनी अ‍ॅटम घडवलं. ते डिसेंबर २००५ मध्ये आरएफसी ४२८७ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजाने प्रमाणित झालं. जेसन फीड २०१७ चं.

माझ्या दृष्टीने महत्त्वाचा फरक असा. अ‍ॅटममध्ये प्रत्येक नोंदीला कायमची ओळख, मथळा आणि बदलाची तारीख असलीच पाहिजे. आरएसएस २.० मध्ये नोंदीतलं प्रत्येक अंग ऐच्छिक आहे, फक्त मथळा किंवा वर्णन यांपैकी एक हवं. त्यामुळे ‘ही नोंद आपण आधी पाहिली आहे का’ याचं उत्तर आरएसएसमध्ये दरवेळी मिळेलच असं नाही. मी असा क्रम लावला: जीयूआयडी, म्हणजे नोंदीची एकमेव ओळख, असेल तर ती, नसेल तर दुवा, तोही नसेल तर मथळा आणि तारीख मिळून केलेला हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली छोटी खूण.

फीड वाचून त्याचे भाग सुटे करणारा पार्सर स्वतः लिहायचा मोह झाला नाही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं तयार फीडपार्सर वापरतोय. ते आरएसएस आणि अ‍ॅटमची सगळी रूपं एका साच्यात आणून देतं आणि एक्सएमएल, म्हणजे ही दोन्ही ज्या खुणांच्या भाषेत लिहितात ती, बिघडलेलं असलं तरी जमेल तेवढं वाचतं. ३७ पैकी ४ फीड बिघडलेलीच आहेत. तिघांत दुव्यांमधली ‘&’ ही खूण नीट लिहिलेली नाही, चौथ्यात फीड सुरू होण्याआधी एक रिकामी ओळ आहे. चौघांनाही सविस्तर कळवलं.

गटातल्या ताईंनी विचारलं, “फीड ही जुनी गोष्ट ना? ते सगळं बंद झालं होतं ना?” बंद झालं ते गूगल रीडर, १ जुलै २०१३ ला. ते फीड वाचायचं एक साधन होतं. फीड चालूच आहेत. पॉडकास्टचा नवा भाग फोनमध्ये आपोआप उतरतो तो आरएसएसमधूनच. ताई रोज दोन पॉडकास्ट ऐकतात, त्यांना हे पटलं.

७ नोव्हेंबर

आजचा विषय शिष्टाचाराचा.

एका निरीक्षकाच्या फीडमध्ये मागच्या २० लेखांचा पूर्ण मजकूर असतो, जवळपास ९०० केबी. दर अर्ध्या तासाला आणलं तर दिवसाला ४८ फेऱ्या, म्हणजे ४३ एमबी, आणि तो माणूस लिहितो महिन्यातून दोनदा. त्याच्या होस्टिंगचा भार आपण का वाढवायचा? यावर फार जुना आणि चोख उपाय आहे. सर्व्हर फीडबरोबर ईटॅग नावाची खूणचिठ्ठी देतो, किंवा शेवटच्या बदलाची वेळ सांगतो. पुढच्या फेरीला ती चिठ्ठी परत दाखवायची. काही बदललं नसेल तर सर्व्हर ३०४ एवढंच उत्तर देतो, मजकूर पाठवतच नाही. ३७ पैकी ३१ सर्व्हर हे नीट पाळतात. फीडपार्सरला दोन्ही गोष्टी नुसत्या परत द्यायच्या असतात, पण आपण त्या जपून ठेवल्या तर! पहिल्या मसुद्यात मी त्या जपतच नव्हतो.

त्याची शिक्षाही झाली. चाचणीसाठी स्क्रिप्ट तासाभरात वीसेक वेळा चालवली आणि एका सर्व्हरने ४२९ हा आकडा तोंडावर मारला: फार वेळा येताय, ३६०० सेकंदांनी या. बरोबरच होतं त्यांचं. आता चाचणीसाठी फीडच्या प्रती डिस्कवर ठेवल्या आहेत, आणि कोणी ‘नंतर या’ म्हटलं तर स्क्रिप्ट ते मुकाट्याने ऐकते.

बाकीचे निर्णय: रोज लिहिणाऱ्यांचं फीड अर्ध्या तासाने, क्वचित लिहिणाऱ्यांचं सहा तासांनी. बरोबर तासाच्या ठोक्याला फेरी नको, कारण जगातल्या असंख्य स्क्रिप्टा त्याच मिनिटाला धावतात. १० सेकंदांत उत्तर आलं नाही तर सोडून द्यायचं, ५ एमबीपेक्षा मोठं फीड घ्यायचं नाही. स्क्रिप्ट स्वतःची ओळख सांगताना आमच्या पानाचा पत्ता आणि ईमेल देते. आपल्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या भेटींच्या नोंदवहीत, कोण येऊन जातंय हे समोरच्याला कळलं पाहिजे आणि नको असेल तर सांगता आलं पाहिजे.

१० नोव्हेंबर

दिवसभर एकच गोष्ट: सारांश कुठे तोडायचा. सगळ्यात सोपं वाटलेलं काम सगळ्यात लांबलं.

पहिली चूक: ३०० बाइटांवर तोडलं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं, रिकामी जागा १ बाइटाची. त्यामुळे ३०० वा बाइट कुठल्यातरी अक्षराच्या पोटात पडतो आणि शेवटी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन उगवतो.

दुसरी चूक: बाइटांऐवजी युनिकोडची, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकातली, चिन्हं मोजली. काळे चौकोन गेले, पण ‘निरीक्षण’ हा शब्द ‘निरीक्’ असा पाय मोडलेला दिसू लागला, ‘तारे’ची मात्रा गळून ‘तार’ झाली. काना, मात्रा, हलन्त ही युनिकोडच्या लेखी स्वतंत्र चिन्हं आहेत. जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या अक्षर-विभागणीत २०२३ साली, १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीचा नियम वापरणारी लायब्ररी ‘क्ष’चे बिनदिक्कत दोन तुकडे करते.

मग शब्दाच्या सीमेवर तोडलं आणि समाधानाने चहा घेतला. परत येऊन पाहतो तर पहिल्याच सारांशात: ‘पहाटे साडेचारला धूमकेतू दुर्बिणीतूनही दिसला…’ मूळ वाक्य होतं, ‘दुर्बिणीतूनही दिसला नाही.’

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी बसतो. शब्दावर तोडलेला सारांश त्या निरीक्षकाच्या तोंडी नेमकं उलटं विधान घालतो, तेही त्याच्या नावानिशी. एखाद्याने पहाटे उठून, तासभर शोधून प्रामाणिकपणे लिहिलं की दिसला नाही, आणि आपण जगाला सांगितलं की दिसला! निरीक्षणाच्या नोंदीत न दिसल्याची नोंदही तितकीच मोलाची असते. म्हणून नियम असा: सारांश पूर्ण वाक्यावरच थांबेल. पहिली दोन वाक्यं घ्यायची. पहिलंच वाक्य ६० शब्दांपुढे गेलं तर नुसता मथळा.

वाक्य कुठे संपतं हे पूर्णविरामावरून ओळखतोय. ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘कि. मी.’, ‘इ. स.’ आणि दुर्बिणीच्या मापातला ‘इं.’ यांची अपवादयादी केली. ‘८.५ प्रतीचा तारा’ (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप) इथला बिंदू पुढे मोकळी जागा नसल्याने आपोआप वाचतो.

११ नोव्हेंबर

कालचंच शेपूट. मजकूर साफ करताना ‘अदृश्य चिन्हं काढा’ असा एक पर्याय चालू ठेवला होता. त्यात शून्य रुंदीचा जोडक गेला, आणि ज्यांच्या कळफलकावर ऱ्या त्या जोडकाने लिहिला जातो त्यांच्या ‘चंद्रावरच्या दऱ्या’ एकदम ‘चंद्रावरच्या दर्या’ झाल्या. चंद्राच्या बाबतीत हा घोटाळा विशेष घातक, कारण तिथे दऱ्या आहेत आणि सागर म्हणवले जाणारे सपाट प्रदेशही आहेत. पर्याय बंद केला. लेखकाच्या मजकुरातलं अदृश्य चिन्हही लेखकाचंच.

१५ नोव्हेंबर

परवानगीची पत्रं ५ तारखेला गेली होती, आज हिशेब लावला. ३७ पैकी २९ जणांनी सारांशासह होकार दिला, ३ जण म्हणाले फक्त मथळा दाखवा, २ जणांनी नकार दिला, ३ जणांचं उत्तर नाही.

गटात यावर वाद झाला. फीड तर खुलंच आहे, मग विचारायचं कशाला? माझं म्हणणं मी तिथेही मांडलं. फीड खुलं ठेवणं म्हणजे ‘वाचा’ असं आमंत्रण. कोणी ते आपल्या फीड-वाचकात स्वतःपुरतं वाचतो, तोवर काहीच प्रश्न नाही. तेच लेखन आपल्या संकेतस्थळावर, आपल्या नावाच्या पाटीखाली सगळ्यांसाठी मांडलं की ते पुनर्प्रकाशन झालं, आणि लेखावरचा हक्क फीडमध्ये आल्याने संपत नाही. मथळा, दुवा आणि एक-दोन वाक्यं दाखवणं बहुतेकांना चालतं, कारण त्याने वाचक मूळ पानावर जातो. पूर्ण लेख उतरवला तर वाचक आपल्याकडेच थांबतो. या दोन गोष्टींत अंतर फार आहे.

नकार देणाऱ्यांपैकी एका बाईंचं पत्र मोठं होतं. त्यांच्या फीडमध्ये पूर्ण लेख जायचे. एका संकेतस्थळाने ते वर्षभर जसेच्या तसे उतरवले, भोवती जाहिराती लावल्या, आणि शोधयंत्रात ती नक्कल त्यांच्या मूळ लेखाच्या वर दिसू लागली. त्यांनी लिहिलं होतं की स्वतःचंच लेखन शोधताना दुसऱ्याचं दार दिसतं. त्यांचं फीड यादीतून लगेच काढलं आणि तसं कळवलं.

पाच जणांच्या पानावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना आहे. तोही नीट वाचावा लागतो. नुसता ‘श्रेय’वाला असेल तर नाव, मूळ दुवा आणि परवान्याचा दुवा देऊन पूर्ण लेख छापता येतो, बदल केला असेल तर तसं सांगायचं. ‘व्युत्पन्न नको’ अशी अट असेल तर लेखात फेरफार करून तो वाटता येत नाही. ‘अव्यावसायिक’ असेल तर उद्या पानावर जाहिरात लावली की आपला पाया गेला. आम्ही पूर्ण लेख कोणाचाच घेणार नाही, पण ही पाच नावं वेगळी नोंदवून ठेवली.

उत्तर न देणाऱ्या तिघांचा फक्त मथळा आणि दुवा. मौनाला मी होकार धरत नाही.

छायाचित्रांचा निर्णयही आजच झाला. दुसऱ्याच्या सर्व्हरवरून चित्र थेट आपल्या पानात ओढलं तर बँडविड्थ त्याची खर्च होते. आपल्याकडे प्रत ठेवली तर ते चित्राचं पुनर्प्रकाशन होतं. तेजोमेघाच्या एका चित्रामागे अनेक रात्रींचं एक्स्पोजर असतं. ज्यांनी चित्राला वेगळा होकार दिला त्यांचीच छोटी प्रत, खाली नाव, आणि चित्रावर टिचकी मारली की मूळ पान.

१८ नोव्हेंबर

काल रात्री लिओनिड उल्कावर्षाव बघायला बसलो होतो, उशिरा उठलो. आज सफाईचं काम.

फीडमधला एचटीएमएल मजकूर जसाच्या तसा पानात ओतायचा नाही, हे ठरलेलंच होतं. लेखकांवर माझा विश्वास आहे. पण त्यांचं संकेतस्थळ कोणी फोडलं तर फीडमधून स्क्रिप्ट आमच्या पानावर येईल आणि आमच्या वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालेल. फीडपार्सर स्वतः सफाई करतं, तरी मी दुसरी चाळणी लावली. घातक टॅगांची यादी करून ते काढत बसण्यापेक्षा चालतील एवढ्याच टॅगांची यादी केली: परिच्छेद, ठळक, तिरकं, दुवा. बाकी सगळं बाहेर. दुव्यांतही एचटीटीपी आणि एचटीटीपीएस सोडून दुसरं काही नको, नाहीतर दुव्याच्या रूपाने जावास्क्रिप्ट येते. माग काढणारी एक पिक्सेलची अदृश्य चित्रंही यात आपोआप गेली. ती ६ फीडांत होती, बहुधा मालकांच्या नकळत.

एक मथळा मात्र सफाईत अर्धा उडाला. ‘प्रत <६ असलेले तारे मोजताना’ यातल्या ‘<’ला माझ्या फंक्शनने टॅगची सुरुवात समजून पुढचं सगळं गिळलं. आरएसएसमध्ये मथळा साधा मजकूर आहे की एचटीएमएल, हे सांगायची सोयच नाही. अ‍ॅटममध्ये ते टाइप या गुणधर्माने सांगता येतं. आता आरएसएसचे मथळे खऱ्या एचटीएमएल पार्सरमधून जातात.

२३ नोव्हेंबर

पान मर्यादित लोकांसाठी उघडलं. ताईंनी पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, “सगळ्यात वर २९ नोव्हेंबरचा लेख कसा?”

कोणीतरी लेख पुढच्या तारखेचा केला होता आणि तो वरच्या जागेवर ठाण मांडून बसला. आता लेखाची तारीख आणि आपल्याला तो पहिल्यांदा दिसला ती वेळ, यांत जी आधीची ती धरायची. दुसऱ्या एका फीडमध्ये तारखा वाचताच येत नव्हत्या. आरएसएसच्या तारखेत महिन्याचं नाव इंग्रजी आखूड रूपात लागतं, आणि त्या संकेतस्थळाची भाषा मराठी ठेवल्याने तारखेतही ‘नोव्हें’ आलं होतं. मालकांना कळवलं, तोवर मराठी महिन्यांचा तक्ता माझ्याकडे बसवला. वेळ साठवताना जागतिक वेळेत, दाखवताना वाचकाच्या वेळेत.

एकाने संकेतस्थळ नव्या व्यवस्थेवर हलवलं, सगळ्या नोंदींच्या ओळखी बदलल्या आणि जुने २० लेख नवे म्हणून एकदम आले. एका फेरीत एकाकडून जास्तीत जास्त ३ नव्या नोंदी, असं बंधन घातलं.

२९ नोव्हेंबर

आज आमच्या हातून एका माणसाचं नुकसान झालं.

एका निरीक्षकाने मंगळवारी रात्रीच्या निरीक्षणाचा वृत्तांत टाकला होता. त्यात जागेचं छायाचित्र, तिथे जायची वाट आणि जागामालकाचं नाव होतं. मालकांनी फोन केला की नाव नको, लोक येऊ लागले तर त्रास होईल. दोन तासांत त्याने लेख काढून टाकला. आमच्या पानावर मात्र सारांश आणि चित्र चार दिवस तसंच राहिलं. आज सकाळी चार अनोळखी लोक दुर्बिणी घेऊन त्या जागेवर पोचले, आणि पत्ता कुठे मिळाला विचारल्यावर त्यांनी आमच्या पानाचं नाव सांगितलं.

त्याचं पत्र रागाचं नव्हतं. त्याने एवढंच विचारलं होतं: मी काढलेलं तुमच्याकडे का आहे?

मी ते हाताने काढलं, फोन करून माफी मागितली, आणि जागामालकांसाठी वेगळं पत्र दिलं. प्रश्न मात्र घर करून राहिला. २ तारखेपासून मी नवं कसं घ्यायचं याच्याच मागे होतो. घेतलेलं परत कसं करायचं, यावर एक ओळही लिहिलेली नव्हती.

३० नोव्हेंबर

फीडमध्ये ‘हा लेख काढला’ असं सांगायची सोय आरएसएसमध्ये नाही. अ‍ॅटमसाठी २०१२ च्या आरएफसी ६७२१ मध्ये काढलेल्या नोंदीची खूण ठरवून दिली आहे. माझ्या ८ अ‍ॅटम फीडांपैकी एकातही ती दिसत नाही. फीडमध्ये शेवटच्या १० किंवा २० नोंदी असतात, जुन्या आपसूक गळतात. त्यामुळे नोंद दिसेनाशी झाली म्हणजे ती काढली, असं म्हणता येत नाही, आणि म्हणूनच मी न दिसणाऱ्या नोंदींकडे पाहतच नव्हतो.

पण नीट पाहिलं तर फरक कळतो. नोंद जुनी होऊन गळली असेल तर तिच्याहून जुन्या नोंदीही गळलेल्या असणार. तिच्याहून जुनी नोंद फीडमध्ये शाबूत आहे आणि मधलीच गेली आहे, तर ती कोणीतरी हाताने काढली. मंगळवारचा लेख गेला तेव्हा सोमवारचा फीडमध्ये होताच! ही खूण पहिल्याच फेरीत, अर्ध्या तासात, माझ्या हातात होती.

आता असं चालतं. मधली नोंद गायब दिसली की तिचा सारांश आणि चित्र ताबडतोब झाकायचं, विचारपूस नंतर. मग मूळ दुव्याला भेट द्यायची. ४०४ किंवा ४१०, म्हणजे ‘पान नाही’ असं उत्तर, आलं तर आपल्याकडून कायमची काढायची. २००, म्हणजे ‘पान आहे’ असं उत्तर, आलं तरी आपोआप परत आणायची नाही, कारण कित्येक संकेतस्थळं ‘पान सापडत नाही’ हेही २०० म्हणूनच सांगतात. तिथे मी स्वतः डोळ्यांनी पाहणार. फीडच आलं नाही, अर्धवट आलं किंवा शून्य नोंदी आल्या, तर ते काढणं धरायचं नाही, तो सर्व्हरचा बिघाड असू शकतो. पण सात दिवस तसंच राहिलं तर त्या लेखकाचं सगळं झाकायचं.

गळून गेलेल्या जुन्या नोंदींचं काय? त्या मूळ ठिकाणी आहेत की नाहीत हे फीड सांगणारच नाही. म्हणून ३० दिवसांपुढचं काहीही आम्ही ठेवणार नाही. ताईंना संग्रह हवा होता, शोधायची सोय हवी होती. त्यांना ते पत्र वाचायला दिलं, मग त्यांनी आग्रह धरला नाही.

दुरुस्त्यांचाही हाच मार्ग. ओळख तीच पण मजकूर बदलला, तर जुना पुसून नवा. अ‍ॅटममध्ये बदलाची तारीख असते, आरएसएसमध्ये नसते, म्हणून मजकुराचा हॅश ताडून पाहतो.

काढायचं म्हणजे कुठून, हे मोजलं तेव्हा पाच जागा निघाल्या: डेटाबेस, चित्रांची फोल्डर, बनवून ठेवलेलं पान, पानासमोरचा कॅशे (पटकन दाखवायला ठेवलेली तात्पुरती प्रत) आणि बॅकअप. हाताने काढताना काल मी त्यातल्या दोनच साफ केल्या होत्या. रात्री उरलेल्या तीन केल्या.

४ डिसेंबर

आमच्या पानाचंही एक फीड असावं, अशी मागणी आहे. गेल्या शनिवारच्या त्या पत्रापर्यंत ते पूर्ण सारांशासह द्यायचं माझ्या मनात होतं. आता नाही. आमच्या फीडमधून जे जाईल ते वाचकांच्या फोनमध्ये, इतर संकेतस्थळांवर जाईल, आणि तिथून ते परत आणायचा मार्ग माझ्याकडे नाही. फक्त मथळा, लेखकाचं नाव आणि मूळ दुवा.

फीड अ‍ॅटममध्ये केलं, कारण त्यात ‘सोर्स’ नावाचं अंग आहे. गोळा केलेल्या नोंदीचं मूळ फीड कोणतं, कोणाचं, हे त्यात सांभाळून ठेवता येतं. नोंदीची ओळख मूळचीच ठेवली. नवी ओळख दिली असती तर लेखकाचं फीड आणि आमचं फीड दोन्ही वाचणाऱ्याला तोच लेख दोनदा आला असता. पानालाही शोधयंत्रांसाठी ‘यादीत घेऊ नका’ ही सूचना लावली. शोधणाऱ्याला लेखक सापडावा.

९ डिसेंबर

एका जुन्या निरीक्षकाच्या फीडमधून आज कर्जाच्या जाहिराती आल्या. डोमेनची मुदत संपली होती, दुसऱ्याने ते उचललं आणि फीडचा पत्ता तोच ठेवला. ३ नोंदींचं बंधन होतं म्हणून तीनच दिसल्या. आता फीडचं नाव किंवा लेखकाचं नाव बदललं की ते फीड थांबतं आणि मला ईमेल येतं. फीड ३०१ ने कायमचं हललं तर नवा पत्ता नोंदवायचा, पण तो वेगळ्या डोमेनवर असेल तर आधी मी पाहणार. ४१० आलं तर परत विचारायला जायचंच नाही.

१४ डिसेंबर

जेमिनिडच्या वेळी पान रात्रभर उभं राहिलं. लोक बाहेरून, फोनवरून, गार हाताने उघडत होते. बनवून ठेवलेलं साधं एचटीएमएल असल्याने सर्व्हरला काही जड गेलं नाही. पहाटे साडेतीनपासून नोंदी येऊ लागल्या: मोजलेल्या उल्का, दोन अग्निगोल, ढग आल्याच्या तीन हळहळी. ‘ढगांमुळे एकही दिसली नाही.’ वाक्य पूर्ण होतं.

१६ डिसेंबर

नोव्हेंबरात पत्र लिहिणाऱ्या निरीक्षकाने मला सांगून एक चाचणी घेतली. दुपारी एक लेख टाकला, पाऊण तासाने काढला. आमच्या पानावर तो २ वाजून ५ मिनिटांनी आला आणि ३ वाजून ५ मिनिटांनी गेला. पाचही जागा मी तपासल्या. बॅकअपमध्ये तो राहिला होता. बॅकअप घेताना झाकलेल्या नोंदी वगळायची ओळ मी लिहिली होती, पण आधीच घेतलेल्या बॅकअपमधून त्या काढायची नव्हती. ती आज संध्याकाळी लिहिली. उद्या तो पुन्हा एक लेख टाकणार आहे.